पाच मिनिटं डिझेलवर

कोल्हापूर स्टँडवर मलकापूरच्या एस्टीला उभा होतो. पुढं एक नवराबायको, लेकीची सोयरीक ठरवायला निघालेले. बाई नवी कोरी इरकल नेसलेल्या, आवाजही तसाच कडक.

"वड्याच्या उरलेल्या तेलावर जीप पळवतो, म्हणून पावण्यांना महिनाभर ऐकवलासा. आन् चाललोय एस्टीनं."

"थंडीनं तेल नळीत थिजलं, त्याला मी काय करू?"

"थंडीला कशाला बोल लावताय? जीप डिझेलवर चालू करायची, तेल तापलं की तेलावर घ्यायची, बंद करायच्या आधी पाच मिनिटं परत डिझेलवर, म्हंजे नळीत तेल ऱ्हात न्हाय. भिंतीवर कुणी लिवलंय?"

"मीच."

"मग काल?"

"तूच हाक मारलीस की! भाकरी गार हुतीय म्हणून."

"आन् तुम्ही तशीच जीप बंद करून पाटावर! सकाळी माझ्या आंघोळीचं कढत पाणी सगळं त्या नळीवर ओतलासा."

"तरी सुटलं न्हाय."

"न्हायच सुटणार."

"पावण्यांना काय सांगायचं गं?"

"खरं सांगा. आन् एक ध्यानात ठेवा."

"काय?"

"तिथं जेवायला हाक मारली, तर लगीच उठू नका. आदी आपल्या तेजस्वीची सोयरीक ठरवा."