सभापतींचं बोट आणि शेवटचा फुगा

टाळ खाली ठेवा मंडळी, आणि मला सांगा – मोठ्या माणसाचा हात लागला की चांगली गोष्ट फुटते का? खांबाला टेकून पेंगणारे काका, तुम्हालाही विचारतोय!

ऐका. एका शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या, मंदोदरी घोलप. शाळेत रिकामी खोली एकच. बाईंना तिथे प्रयोगशाळा हवी. सभापती झुंबररावांना तिथे आपल्या सत्काराच्या ढाली ठेवायच्या! झुंबरराव म्हणाले, "बाई, तुमच्या त्या साबणाच्या फुग्यात मी बोट घालतो. नाही फुटला, तर खोली तुमची!"

प्रदर्शनाचा दिवस. परातीत साबणाचं पाणी, चिमूटभर साखर. बाईंनी तारेच्या कड्यानं कलिंगडाएवढा फुगा काढला.

"साहेब, हा पापुद्रा म्हणजे दोन बाजूंना साबण, मधे पाणी. कोरडं बोट लागलं की फाटतो. ओलं बोट त्याला आपल्यातलंच वाटतं. बुडवा बोट."

साहेबांनी बुडवलं. आणि लगेच – त्यांचा सेवक हैबती टॉवेल घेऊन धावला! पुसलं बोट. फट्!

दुसरा फुगा. बुडवलं. पुसलं. फट्!

"अहो हैबती, पुसू नका ना!"

"बाई, साहेबांचा हात ओला राहिला तर मी कशाला राहिलोय?"

बिनतोड आहे हो! याला विज्ञानात उत्तर नाही!

परातीत एका फुग्यापुरतं पाणी उरलं. मग बाईंनी काय करावं? सत्कार! हैबतीचा! "इतकी वर्षं पुसताय, कुणी विचारलं तुम्हाला?" खांद्यावर शाल, या हातात नारळ, त्या हातात नारळ! हैबतीचे डोळे भरले – आणि दोन्ही हातसुद्धा!

बाईंनी फुगा काढला. साहेबांनी या वेळी मनगटापर्यंत हात भिजवला. हैबती तळमळला. बोट आत! मनगट आत! फुगा जसाच्या तसा!

"खोली तुमची, बाई," साहेब कुजबुजले. "आता हालू का?"

साहेब भाषणच विसरले! गावानं बाईंचे त्याबद्दल वेगळे आभार मानले.

तर मंडळी, हात मोठा असला म्हणून फुगा फुटत नाही. कोरडा असला की फुटतो. आता तीर्थ येईल. तुम्ही ते प्याल आणि तळहातावर उरलेली ओलही स्वतःच्याच डोक्याला पुसाल! आज थांबा जरा. शेजारी कुणीतरी आपला फुगा सांभाळत बसलंय – मनात ओल ठेवून आधी त्याच्याकडे बघा. काका, तुम्ही आधी उठा!