पाटाकडेचं गवत

ऑरिन : खा ना गं, ब्रिजेट. मंगळवारचीच चिली आहे, खिमा-राजम्याची, गरम केलेली. बापाचा सत्तरावा वाढदिवस, लेक येणार, म्हणून दालचिनीचे रोलसुद्धा केले होते मी. शेवटी कुत्र्याने खाल्ले.

ब्रिजेट : बाबा, किती वेळा माफी मागू? ड्यूटी लांबली.

ऑरिन : मग एक फोन करायचास! एवढा मोठा लष्करी तळ तुमचा.

ब्रिजेट : आत फोन नेऊ देत नाहीत.

ऑरिन : आणि आत काय चालतं ते सांगू देत नाहीत. माहितीय. तुम्ही वर एक दुर्बीण टांगलीय आणि ती खाली पृथ्वीकडे बघत बसते, एवढंच मला ठाऊक. तेही पेपरात वाचून.

ब्रिजेट : पेपरातलं खरं आहे. तिला उष्णता दिसते. जगात कुठेही क्षेपणास्त्र सुटलं की त्याचा जाळ दिसतो.

ऑरिन : किती उंचावरून?

ब्रिजेट : अख्ख्या पृथ्वीला दोरी गुंडाळा. ती सोडून उभी धरली तर जेवढी होईल, जवळजवळ तेवढ्या उंचावरून.

ऑरिन : बाप रे! आणि मला कुंपणापलीकडची गाय दिसत नाही. उद्या पाटाकडेचं वाळलं गवत जाळायचंय, ते तरी धड दिसलं म्हणजे झालं. अगं, पण तू खात का नाहीस? सकाळी न सांगता उगवलीस, तेव्हापासून त्या फोनकडे बघत बसलीयेस.

(फोन वाजतो. ऑरिन स्पीकर लावतो.)

क्ले : बाबा, मी क्ले. मी धडधाकट आहे, हे आधी ऐका.

ऑरिन : हे आधी ऐका म्हणजे? काय झालं रे तिकडे?

क्ले : मंगळवारी आमच्या छावणीवर क्षेपणास्त्रं पडली. फोन बंद होते, आत्ता सुरू झाले. बातम्यांत कळण्याआधी तुम्ही माझा आवाज ऐकावा म्हटलं.

ऑरिन : अरे देवा! लागलंबिगलं नाही ना?

क्ले : खरचटलंसुद्धा नाही. मध्यरात्री सगळे गाढ झोपेत होते. भोंगा झाला. शिव्या घालत उठलो, खंदकात शिरलो, आणि बाबा, जमीनच उचलली गेली हो! बाहेर येऊन बघतो तर माझ्या खाटेच्या जागी विहिरीएवढा खड्डा.

ऑरिन : पण भोंगा वाजवला कुणी? कळलं कसं?

क्ले : ती सुटली तेव्हाच कुणीतरी पाहिलं म्हणे, वरून. आम्ही इथे घोरत होतो आणि जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोण जागं होतं, देव जाणे. आठवलं की काटा येतो अंगावर. भेटला ना तो, तर खांद्यावर घेऊन नाचीन.

ऑरिन : तुझी बहीण बसलीय इथे. बोल की गं.

ब्रिजेट : क्ले... जेवलास का?

क्ले : हे काय विचारणं! आणि रडतेस कशाला, वेडे? बरं, मागे रांग लागलीय. ठेवतो.

ऑरिन : ब्रिजेट.

ब्रिजेट : हं.

ऑरिन : त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली दुपार. मंगळवारी दुपारी तू ड्यूटीवर होतीस.

ब्रिजेट : बाबा, विचारू नका.

ऑरिन : क्ले जिवंत आहे की नाही, हे तुला आत्ता कळलं?

ब्रिजेट : विचारू नका ना.

ऑरिन : नाही विचारत. पोरीच्या घशाखाली घास उतरेना, आणि मी मेला रोलांवरून टोमणे मारत बसलो!

ब्रिजेट : एवढंच सांगते. पडद्यावर सगळी पृथ्वी शांत असते. मग एक ठिपका उजळतो, वाळूच्या कणाएवढा. तो कुणाकडे निघालाय हे कळत असलं तरी आवाज कापून चालत नाही. सरळ, स्पष्ट सांगायचं. आमच्यातल्या प्रत्येकाने.

ऑरिन : तुझ्या आईला हे ऐकायला मिळायला हवं होतं गं.

ब्रिजेट : ती चिली द्या इकडे. आता भूक लागलीय.

ऑरिन : घे. ब्रिजेट, ते उद्याचं गवत. तुमच्या दुर्बिणीला दिसेल का गं तो जाळ?

ब्रिजेट : पाटाकडेचा? एवढासा? नाही दिसायचा, बाबा.

ऑरिन : असू दे. तरी जरा मोठाच पेटवतो.