पहिला घास मोनूचा

— नाई, काका, ओढू नका तिले, बसू द्या बकरीले इथंच. हातातल्या बांगड्या खाऊन राह्यली तर खाऊ द्या, हलव्याच्या आहेत, साखरच ती — पहिली संक्रांत ना माझी, काळी साडी अन् हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकवात बसवलं होतं, तशीच उठून ऑटोत बसली. गुरांच्या डॉक्टरकडे एवढी नटून आलेली बाई तुम्ही पाहिली नसन कधी. तुम्ही सेलूचे ना? आम्ही नालवाडीचे. म्हणजे ते लोक नालवाडीचे, मी पुलगावची, मागच्या मे महिन्यात लग्न झालं. अन् आत टेबलावर आहे तो मोनू, आमचं कुत्रं — पांढरा, झुबकेदार, वजन सहा किलो. पडद्यामागून तो बाईचा आवाज येऊन राह्यला ना, त्या आमच्या सासूबाई, यशोदाबाई. आज हळू बोलून राह्यल्या. रोज हाच आवाज चार घरं ओलांडून जाते.

चॉकलेट खाल्लं त्यानं. हसता काऊन? मलेही आधी हसूच आलं असतं. पण ते दुकानातलं दुधाचं नाई, माझ्या बहिणीनं, आचलनं, घरी बनवलेलं — काळंकुट्ट, कडू, वरून तीळ लावलेलं. माणसाले चालते ते, कुत्र्याच्या पोटात विष होते. जेवढं काळं तेवढं वाईट. छाती धडधडते, अंग थरथरते, मंग झटके. मोनू धापा टाकाले लागला तर शेजारच्या वच्छलाबाई म्हणे मिठाचं पाणी पाजा, उलटी होते — मी पेला हातातून काढून घेतला. मिठानं आणखी बिघडते, आचल म्हणाली फोनवर. घरी काही करू नको म्हणाली, सरळ डॉक्टर गाठ, दोन तासांच्या आत उलटीचं इंजेक्शन बसलं तर बसलं, अन् डॉक्टरले तीन गोष्टी नीट सांग — किती खाल्लं, कधी खाल्लं, कुत्र्याचं वजन किती.

कोणी दिलं म्हणता? कुत्रं काय डबा उघडते? दिलं ना. आमच्या घरी रीतच आहे — सुनेच्या माहेरून काही आलं की पहिला घास मोनूचा. मुक्या जिवाचा घास काढल्याशिवाय आम्ही तोंडाले लावत नाई, असं सांगतात सासूबाई, अन् किती चांगलं वाटते ऐकाले! लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मले वाटलं, काय देवमाणसं भेटली बाप्पा. मंग पाहिलं, त्यांच्या भावाकडून पेढे आले की मोनू अंगणात अन् पेढे सरळ ताटात. माझ्या आईचे अनारसे आले दिवाळीले — दहा बाया बसल्या होत्या — सासूबाईनं हाक मारली, "मोन्याऽ, ये रे, व्याहीणबाईनं पाठवलं." त्यानं हुंगलं अन् तोंड फिरवलं. कुत्र्याले काय समजते अनारशातलं? पण बाया हसल्या. सासूबाई म्हणे, "पाहा वं, कुत्रंही तोंड लावत नाई." त्याच संध्याकाळी आईले फोन करून तेच सांगितलं, मी बाजूलेच भांडे पुसत उभी. अन् आईनं काय करावं? पुढच्या वेळी मले विचारे, "अंकिता, त्या कुत्र्याले काय आवडते वं?" माझी आई, काका. पुलगावच्या शाळेत तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं तिनं. ती बाई विचारून राह्यली की कुत्र्याले काय आवडते.

तेव्हापासून मी वाटच पाहून राह्यली होती. कशाची, ते मलेही माहीत नव्हतं. मले भांडता येत नाई ना, आवाजच निघत नाई गळ्यातून, मंग मी पाहत राहते. कोणत्या पायरीवर त्यांचा पाय घसरते, कोणत्या बाईसमोर त्या खोटं बोलतात, कोणती साडी कोणी देल्ली ते त्या कशा विसरतात — सगळं पाठ आहे मले.

अन् आज चालत आलं ना माझ्याकडे. वीस बाया, बैठकीत नवीन गालिचा, दिवाळीले घेतलेला, मखमली, त्याच्यावर आजपर्यंत मले पाय ठेवू देला नाई. आचलचा डबा उघडला. बारा तुकडे, दहा-दहा ग्रॅमचे, ती वजन करूनच बनवते. सासूबाईनं हाक मारली, "मोन्याऽ, ये, सुनबाईच्या माहेरचं विलायती आलं!" त्यानं हुंगावं अन् सोडून द्यावं, असं ठरलेलं होतं, समजलं? पण त्यानं एका घासात खाल्लं अन् मिटक्या मारल्या! बाया म्हणे, "बाप्पा, मोनूले आवडलं!" सासूबाईचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही. एवढा घाट घालून बायांचं हसू हुकलं ना. मंग म्हणे, "त्याच्याच लायकीचं दिसते, घे रे" — दुसरा. "हा व्याह्यानं देलेल्या कूलरचा, आवाजच करते नुसता" — तिसरा. "हा मानपानाच्या पातळ साड्यांचा" — बाया हसून हसून लोटपोट, अन् त्या देऊन राह्यल्या, देऊन राह्यल्या —

मी? मी आत होती, स्वयंपाकघरात. दूध ठेवलं होतं गॅसवर, ते पाहत होती. मले काय माहीत बैठकीत काय चाललं ते.

असे काऊन पाहून राह्यले?

बरं, त्यांचं तोंड पाहिलं हे तर मीच सांगून बसली, नाई का. दारात होती. दूध नव्हतं. दारात उभी होती, हातात तिळगुळाचं ताट. अन् मले माहीत होतं, हो. आचलनं डब्यासोबतच मेसेज पाठवला होता, ताई, तुमच्याकडे कुत्रं आहे, एक दाणाही देजो नको. सकाळीच वाचला. सासूबाईनं पहिला तुकडा उचलला तेव्हा माझ्या तोंडात आलंच होतं — आई, देऊ नका. जिभेवर होतं. पण मले वाटलं, एका तुकड्यानं मरत नाई सहा किलोचं कुत्रं, ओकते फक्त. ओकू दे. त्या गालिच्यावर, त्या वीस बायांसमोर, माझ्या माहेरच्या नावानं देल्लेला घास. एवढंच पाहिजे होतं मले, जास्त नाई. मंग दुसरा देल्ला. मी म्हटलं आता ओकन. तिसरा. तो ओकेच ना! घड्याळ समोर होतं, पहिल्या तुकड्याले चार वाजून दहा मिनिटं. एकेका तुकड्याले वाटलं आता बोलावं, अन् एकेका तुकड्यासोबत त्या माझ्या बापाचं काही ना काही काढत होत्या. सात देल्ले, काका. डब्यात पाच उरले.

चूप — ऐका, ऐका. डॉक्टर विचारून राह्यला. "किती खाल्लं?"

ऐकलं? "एकच. एवढुसा." एकच म्हणे! वीस बायांसमोर सात देल्ले अन् डॉक्टरसमोर एक. मले बाहेर काऊन बसवलं ते समजलं आता — "तू थांब वं, तुह्या दागिन्यांचा हलवा सांडते." अन् डॉक्टर काय म्हणते? एकाले घाबरायचं काम नाई, घरी न्या, पाणी पाजा, उद्या दाखवा. संपलं. माह्यासारख्या काल आलेल्या पोरीले कोण विचारते?

नेऊ द्या. मी तर म्हणते नेऊच द्या. त्यांचाच हात, त्यांचंच तोंड, त्यांचाच लाडका. उद्या सकाळी झटके येतील तेव्हा त्या माझ्याकडे पाहतील, अन् मी काहीच म्हणणार नाई, नुसता तो पाच तुकड्यांचा डबा ओट्यावर ठेवीन, झाकण उघडं. रोज ठेवीन. चहाच्या बाजूले. नीलेशनं, आमच्या ह्यांनी, विचारलं तर म्हणीन, आईले विचारा, किती होते अन् किती राह्यले. म्हातारपणी अंथरुणावर पडल्या ना, तरी उशाशी तोच डबा. दुसऱ्याच्या घरचा घास कुत्र्यापुढे टाकते ना बाई? मंग त्या कुत्र्याचं —

काय म्हणाले? कुत्र्याचं काय चुकलं?

तुम्ही बकरीचं पाहा ना आपलं.

काही नाई चुकलं त्याचं. मले माहीत आहे. त्या घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर मी बसते, तेव्हा तो येऊन बसते समोर, पायावर हनुवटी ठेवून. मागत नाई. नुसता बसते. बाकी कोणी बसत नाई.

किती वाजले तुमच्या घड्याळात? पावणेसहा? म्हणजे पंचवीस मिनिटं आहेत अजून. मी सात म्हटलं तर त्या खोट्या पडतात, डॉक्टरसमोर, ह्या सगळ्या लोकांसमोर — चांगलंच आहे, पडू द्या, मी तर हळदीकुंकू वाटीन त्याचं. पण डॉक्टर पुढचंही विचारीन ना. दहा ग्रॅमचा होता हे कसं माहीत, वेळ कशी माहीत, एवढं नीट कोण पाहत होतं बाई? अन् त्या डोळे वटारून माझ्याकडे पाहतील, अन् त्यांले समजन. समजलं तर समजलं. एकदमच पडू दोघी.

पडदा हलला, निघाल्या वाटते. शालीत गुंडाळला. पाहा, पाय कसे मारून राह्यला शालीतून, पाहा —

उठा काका. बकरी घ्या तिकडे, वाट द्या मले, सोडवा तिच्या तोंडातून हात माझा. तुटू द्या बांगडी, तुटू द्या!

डॉक्टरसाहेब. थांबा, नेऊ देऊ नका त्याले. एक नाई, सात. दहा-दहा ग्रॅमचे, काळे. पहिला चार वाजून दहा मिनिटांनी. नाई आई, तुम्ही बोलू नका, मले बोलू द्या आज. हो साहेब, नक्की सात.

मी मोजले.