रिकाम्या सायकलीचा दिवा

नाही भाऊजी, सायकल मिळत नाही. बसा, चहा घ्या, दिराचा मान कुठं जात नाही तुमचा — पण हात काढा त्या हँडलवरून. तुमच्या रामकिसनले शेलूबाजारहून इथं मंगरूळले शाळेत यावं लागते, चालून चालून पोराचे पाय सुजतात, समदं समजते मले. दुसरी पाहा. लढाईपायी नव्या सायकली भेटत नाहीत? मंग नसतील भेटत. लढाई काय मी लावली?

काय म्हणून राह्यले लोक — प्रयागबाई पोरामागं येडी झाली? म्हणू द्या. माया जगदेव पोळ्याच्या आंधी तापानं गेला, आन तवापासून त्याच्या सायकल मंडळाची पोरं — पोरं कायची, लखमा शिंपी तर दोन लेकरांचा बाप हाये — रोज दिवस बुडता बुडता येतात आन त्याची रिकामी सायकल संगं नेतात. लखमा एका हातानं आपली चालवते, दुसऱ्या हातानं हिचं हँडल धरते. नाल्यापर्यंत जातात, बिड्या फुकतात, हासतात-खिदळतात, वापस येतात. कोणाचं काय जाते त्यात? मीच म्हटलं होतं त्यायले — उभी राह्यली तर टायर कुजते, नेत जा. हो, टायरसाठीच. आनखी कायसाठी?

भुताची सायकल म्हणते तुमच्याकडं? आयकलं मी. रंगूबाईनं तर रस्त्यात नारळ फोडला म्हणे तिच्यापुढं! पोरायनं तो नारळ खाल्ला, मलेही एक तुकडा आणून देल्ला. गोड होता. आन तो मदनसिंग शिपाई — त्यानं एक दिवस अडवलं, म्हणते अंधार पडला, या सायकलीले दिवा काहून नाही? लखमा म्हणे, जमादारसाहेब, तिच्यावर कोणी बसलंच नाही. तर म्हणते, कोणी बसलं नाही तर चालते कशी? आता याले काय सांगावं! दुसऱ्या दिवशी मीच हिले समोर दिवा बसवून घेतला. रोज मीच पेटवते. हे पाहा, आताही तेच करून राह्यली. बोला तुमी, माये कान मोकळे हायेत.

रॉकेल? ते बराबर दिसलं तुमाले. कंट्रोलचं भेटते थोडंसंक, ते या दिव्यात जाते. घरात नाही लावत. वांगे मी दिवसाच तोडते, सांभाराच्या हिरव्या जुड्या दिवसाच बांधते, भाकर चुलीच्या उजेडात होते. रातच्याले या घरात कोणाचं तोंड पाहाचं हाये मले?

— रडून नाही राह्यली. धूर हाये.

जित्या पोराच्या कामी येऊ दे म्हणता. खोटं नाही बोलत तुमी. चांगला हाये रामकिसन. उंची तेवढीच, खांदे तसेच — एका घरचं रक्त, कसं नसंल? म्हणूनच तर नाही म्हणते. समजा, शाळा सुटल्यावर घरी जाता जाता तो या सायकलीवर बसून संध्याकाळी दारात आला. घंटी वाजवली. मी चुलीपुढं बसलेली. मान वर कराच्या आंधीच मी दुसरी भाकर थापाले घेईन, भाऊजी. हातच घेतील, मले न इचारता. आन मंग मी वर पाहीन — कोण आलं ते. रोज संध्याकाळी पाहीन. तुमाले काय वाटते, रोज रोज सोसंल मले ते?

रिकामी येते तर बरं हाये. दुरून दिवा दिसतो, वर कोणी नसते, बाजूनं लखमाचा हात. मले ठाऊक असते. एवढ्या दिवसांत एकदाही फसवलं नाही तिनं मले.

हे बोलाचं नव्हतं. तुमीच मले बोलतं केलं. आता गावात सांगत फिरू नका — नाहीतर सांगा. मी कोणाले भेत नाही.

आयका. आली पोरं. पाय आवरा, वाट सोडा दारातली. — ए लखमा, वारा हाये रे, सांभाळून ने! — तुमी कायले उठून राह्यले? बसा म्हटलं ना. हँडल सोडा. आंधी ही सायकल जाईल, वळणाच्या पलीकडं जाईल. मंग तुमी आपल्या दमणीले बैल जुंपा.