हिंगणघाटचे वाचक

माझा प्रवासाचा ब्लॉग रोज चारपाच लोक वाचतात, त्यातला एक मीच. परवा आकडा एकदम साठवर गेला. सगळे हिंगणघाटचे, अन् सगळे एकाच पानावर: ‘इंजिनिअरिंग सोडलं आणि फिरत सुटलो’.

मी खूश. संध्याकाळी बाबांना फोन आला. ताईला पाहून गेलेल्या हिंगणघाटच्या मुलाचे वडील होते. त्यांना बाबांनी मी शेवटच्या वर्षाला असल्याचं ठोकून दिलं होतं.

फोनवर हात ठेवून बाबा गुरगुरले, “ते पान काढ!”

“खोटं तुमी बोलले, मी काऊन काढू?”

ताईनं फोनच हिसकावला. “काकाजी, भाऊ खरं लिहिते. खोटं बाबा बोलले. आता नाई म्हणायचं तर म्हणा.”

तिनं फोन स्पीकरवर टाकला. मग म्हातारा म्हणाला, “बेटा, आमी बी पोराचं वय दोन वर्षं कमीच सांगतलं.”