रकान्यात न बसलेलं यंत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपले आदरणीय संचालक साहेब. मंचावर अगत्याने आलेले माजी संपादक महोदय. संगणक विभागाचे प्रमुख. सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या ताई. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या वहिनी. आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. प्रयत्न करते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही, असं शिक्षक म्हणतात. त्याचं श्रेय आपल्या मुद्रितशोधक ताईंचं. पण सांधेदुखीने त्यांची बोटं आखडली, तेव्हा हे काम सुटणार असंच सगळे धरून चालले होते. माऊस धरला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी शेजारच्याच टेबलावर बसते, मी पाहिलंय.

तेव्हा वहिनी पुढे आल्या. रेडिओ दुरुस्तीत त्यांची हयात गेलेली. त्यांनी पत्र्याच्या डब्यात तळहाताएवढा संगणक बसवला आणि त्याला शिलाई मशीनची दोन पेडलं जोडली. एक दाबलं की ओळ पुढे, दुसरं दाबलं की चुकीवर खूण. दुरुस्ती ताई तोंडी सांगायच्या, यंत्र लिहून घ्यायचं. त्यावरची संगणकप्रणाली मुक्त, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, हवी तशी बदलावी अशी. आम्ही हसलो. मी विचारलं, "ताई, यावर कपडेही शिवून मिळतील का?"

"आधी तुझ्या चुका उसवते," त्या म्हणाल्या, "मग बघू."

सगळं सुरळीत चाललं असं नाही. एकदा प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि पेडलं बंदच पडली. प्रणालीतला पेडलांचा भाग लिहिणाऱ्या दूरदेशीच्या माणसाने कळवलं, आई आजारी आहे, आता जमणार नाही. ताईंनी हाय खाल्ली. वहिनी म्हणाल्या, "त्याने दार उघडं ठेवलंय ना? मग आपणच आत जाऊ." दोघी नणंदा-भावजया शिकल्या, चुकल्या, पुन्हा बसल्या, आणि पेडलं चालू झाली. ती दुरुस्ती त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली.

मग नवा नियम आला. कार्यालयाने दिलेलंच यंत्र, त्यातलीच प्रणाली. त्यामागची सुरक्षिततेची काळजी मला मान्य आहे. संगणक विभागाचे प्रमुख स्वतः येऊन ताईंचं यंत्र पाहून गेले. "यात धोका काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण नियमात याला रकानाच नाही." त्यांचाही चेहरा उतरला होता.

ताईंनी नव्या यंत्रावर काम करून पाहिलं. दुपारपर्यंत बोटं सुजायची. घरी वहिनींना त्यांची वेणी घालून द्यावी लागायची. शेवटी त्यांनी अर्ज दिला. आज आपण याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतोय. यात स्वेच्छा कुणाची, हे मला कुणी समजावून सांगेल का?

ताईंनी मला बजावलंय, "कुणाला टोचून बोलू नकोस. तुला अजून इथेच दिवस काढायचेत." खरं आहे. मला भीती वाटते, आत्ताही वाटतेय. म्हणून फक्त एक विनंती करते. साहेब, ते यंत्र अजून ताईंच्या टेबलाखाली आहे. संध्याकाळी वहिनी ते घेऊन जातील. त्याआधी एकदा खाली या, त्या खुर्चीत बसा आणि पेडलवर पाय ठेवून एक पान वाचून बघा.

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते माझं एकटीचं. ताईंच्या नावावर मांडू नका. मला क्षमा असावी.