व्हर्लच्या काडतुसांची लक्षणं

...आणि वर मलाच म्हणतो, "लॅरू, तू आधी का नाही बोललीस?" आता काय कपाळ फोडून घेऊ?

तुम्हाला सांगते, आमचा व्हर्ल काडतुसं घरीच भरतो. इथे आयडाहोत निम्मे नवरे तेच करतात, हरकत नाही! पण यंदा ह्याला एल्क, म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण हो, पाडायचा होता तो पार पलीकडच्या डोंगरावरचा, म्हणून वाढवली दारू. दारू म्हणजे काडतुसातली हं! प्यायची असती तर जास्त झाल्यावर निदान झोपला तरी असता! म्हटलं, "अरे, काडतुसं भरायच्या पुस्तकात मर्यादा दिलीय ना?" तर म्हणतो, "पुस्तक वकिलांनी लिहिलंय गं. शेजारच्या डेल्बर्टच्या बंदुकीला एवढी चालते!" अहो, डेल्बर्टला न्याहारीला सहा अंडीही चालतात, म्हणून तू खाणार?

शनिवारी गेलो खडीच्या खाणीत, नेम तपासायला. पहिला बार... आणि मी पुंगळी उचलून बघते तर काय! आत दाब वाढला ना, की रिकामी पुंगळी चहाडी करते. तिच्या बुडाशी टोपी असते चिमुकली, तिच्या कडा गोल हव्यात, तर ही इस्त्री फिरवल्यासारखी सपाट! म्हटलं, व्हर्ल, लक्षण बरं नाही! "ह्या टोप्याच मऊ असतात गं." दुसरा बार. बुडावर चकचकीत ओरखडा. म्हटलं, लक्षण बरं नाही! "पितळ आहे, चमकणारच." तिसऱ्याला बोल्टची दांडीच उचलेना, ती वर केल्याशिवाय पुंगळी बाहेर येत नाही! हा दातओठ खातोय, मानेच्या शिरा टरारल्यात... "थंडीनं आखडली." थंडी? ऑगस्टात? मी घामानं निथळतेय! आणि ह्या माणसानं ट्रकमधून काय काढावं... माझा मांस ठेचायचा हातोडा! घरून आणलेला! म्हणजे दांडी अडकणार हे ह्याला आधीच ठाऊक! ठाण, ठाण, ठाण... पुंगळी एकदाची निघाली, आणि टोपी सुटून मातीत.

"व्हर्ल, पुरे! डोळा जाईल तुझा!" म्हणून मी ती रिकामी बंदूकच धरली. तो ओढतोय, मी ओढतेय, त्याचं कोपर माझ्या बरगडीत, माझी लाथ त्याच्या नडगीवर... "एकच, लॅरू, शेवटची!" काय करणार? जाड काचेचा चष्मा त्याच्या नाकावर जवळजवळ ठोकला आणि ट्रकमागे जाऊन बसले. म्हटलं, लक्षण बरं नाही!

चौथा बार नव्हता हो तो, स्फोट होता! दस्त्याच्या चिरफळ्या, काळा धूर, आणि व्हर्ल उताणा! गालात पितळेचे कण, हनुवटीवरून रक्ताची धार, एक भुवई गायब. चष्म्याच्या काचेला तडा, पण डोळा शाबूत. मी रडले, मिठी मारली, आणि मग त्याच्या धडक्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिमट्यानं पितळ उपसतायत, विचारतात, "आधी काही लक्षणं जाणवली होती?"

आणि हा म्हणतो, "छे! काहीच नाही."

मला घेरीच आली. नर्सनं मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस हवा भरली आणि काट्याकडे बघून दचकलीच. "अहो बाई, दाब केवढा वाढलाय! कधीपासून आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरून व्हर्ल बोलला, "तिला? काही झालेलं नाही हो. तिचा रंगच लाल आहे."

आता बोला!